गोदावरीवर दोन दिवस, एक रात्र: कॅनोतून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात राष्ट्रीय उद्यान नाही. राज्यातली सहाही उद्यानं बाहेर आहेत आणि तिथल्या गाभ्यात आपली होडी घालून काठावर तंबू ठोकता येत नाही. आपल्याकडे पाणी आणि वन्यजीव एकत्र भेटण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे पैठणचा नाथसागर. धरण १९७६ साली पूर्ण झालं आणि १९८६ मध्ये जलाशयाचा सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा भाग जायकवाडी पक्षी अभयारण्य झाला. म्हणजे वन्यजीव विभागाच्या परवानगीशिवाय तिथं होडी घालायची नाही. दुर्बीण घेऊन काठावरून चक्रवाक, पट्टकदंब, रोहित (फ्लेमिंगो) हे पक्षी जरूर बघा. वल्हं मारायला मात्र नाथसागर नवख्याची जागा नाही. साधारण ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटर रुंद असं ते उघडं पाणी आहे. वाऱ्याला कुठेच आडोसा नाही, आणि पाणी उथळ असल्यामुळे लाटा आखूड व उभ्या येतात. अशा लाटेत भरलेल्या कॅनोत, म्हणजे वल्ह्यांनी चालवायच्या लांबट, उघड्या होडीत, दोन्ही काठांवरून पाणी आत येतं.

पहिली सहल धरणाच्या खाली, नदीवर करा. काठावरचे लोक जिला नुसतं 'गंगा' म्हणतात, त्या गंगाथडीच्या गावांमधून.

पट्टा कसा ठरवायचा

पैठणच्या खाली गोदावरी आता सलग वाहत नाही. आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, पुढे ढालेगाव, मुद्गल, दिग्रस, विष्णुपुरी अशी बंधाऱ्यांची रांग आहे. पावसाळा सरताना दारं बसतात आणि प्रत्येक बंधाऱ्यामागे पाण्याचा एक लांब, संथ पट्टा तयार होतो. जिन्याच्या पायऱ्यांसारखी नदी झाली आहे असं समजा. आपल्याला एकाच पायरीवर राहायचं आहे. बंधारा ओलांडायचा नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पट्ट्यातलं पाणी खालच्या बंधाऱ्याजवळ सगळ्यात खोल असतं, आणि वरच्या बंधाऱ्याखालचं शेपूट आधी आटतं. नोव्हेंबरात जिथं पुरुषभर पाणी होतं तिथं फेब्रुवारीत दगड आणि चिखल असतो. म्हणून सुरुवात वरच्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी ठरवू नका, काही किलोमीटर खाली ठरवा. दुसरी गोष्ट अशी की पाणी संथ असल्यामुळे दोन्ही दिशांना वल्हवता येतं. त्यामुळे पहिल्या सहलीला जा-ये करावी हे उत्तम: पहिल्या दिवशी दहा किलोमीटर खाली, मुक्काम, दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं परत. गाडी एकाच घाटावर राहते, दुसऱ्या टोकाला छोटा हत्ती बोलवावा लागत नाही, आणि परतताना मोटारी, जाळी, गाळ कुठं आहे हे आधीच माहीत असतं.

वाराही या बेताला साथ देतो. हिवाळ्यात आपल्याकडे बहुतेक दिवस वारा ईशान्येकडून किंवा पूर्वेकडून असतो आणि सकाळी दहा-अकरानंतर जोर धरतो. नदी पूर्वेकडे जाते, म्हणजे खाली जाताना वारा तोंडावर. तो टप्पा पहाटेच्या शांत पाण्यावर उरकायचा. परतताना तोच वारा पाठीवर घ्यायचा. तरी निघायच्या आदल्या दिवशी अंदाज बघा. ताशी २० किलोमीटरच्या वर वारा सांगितला असेल तर बेत पुढे ढकला.

नवखे दोघं संथ पाण्यात ताशी साडेतीन किलोमीटर जातात. समोरून वारा आला की तो वेग दोनवर येतो. दहा किलोमीटरला तीन तास वल्हवणं आणि तासभर थांबे धरा. साडेसातला निघालात तर साडेअकरापर्यंत मुक्कामी. 'एवढंच?' असं वाटेल. पण जेवण, तंबू, लाकडासारखे झालेले खांदे आणि पावणेसहाच्या आसपास मावळणारा सूर्य यांत दिवस सहज संपतो.

कधी जायचं आणि कुणाला विचारायचं

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेर. त्याआधी दारं उघडी असू शकतात. मार्चनंतर पाणी तुटतं, ऊन चढतं आणि वाळूच्या बेटांवर नदीसुरय पक्ष्यांची अंडी असतात, जी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. नांदेडच्या खाली जाणार असाल तर बाभळी बंधाऱ्याचं वेळापत्रक वेगळं आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार तिथली दारं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी असतात.

निघायच्या आठवडाभर आधी रस्त्यानं जाऊन पट्टा बघून या. ही फेरी वाचवू नका. घाटावर गाडी पाण्यापर्यंत जाते का, चिखल किती, मुक्कामाची जागा कुणाच्या शेताला लागून आहे, खालचा बंधारा कुठं आहे, हे सगळं नकाशावर कळत नाही. भोई किंवा कोळी मंडळी भेटली तर त्यांच्याजवळ बसा. जाळी कुठं आहेत, डोह कुठं, वाळू कुठून उपसली, मगर दिसते का, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. ज्या पट्ट्यात मगर आहे असं ते सांगतील तो पट्टा सोडा.

मग जलसंपदा विभागाच्या स्थानिक शाखेत एकच प्रश्न विचारा: या चार दिवसांत वरून पाणी सोडणार आहेत का? रब्बीची आवर्तनं मुख्यतः कालव्यांतून जातात, पण खालचे बंधारे भरण्यासाठी किंवा पिण्यासाठी नदीतही पाणी सोडतात. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ हजार लिटर. नवख्यांसाठी नियम साधा: विसर्ग चालू असेल किंवा बंधाऱ्याचं एकही दार उघडं असेल तर जायचं नाही. पैठणहून निघालेलं पाणी खाली पोचायला बराच वेळ घेतं, म्हणून 'काल सोडलं होतं, आज बंद झालं' हे उत्तर पुरेसं नाही. ते पाणी तुमच्या पट्ट्यातून गेलं का, हे विचारा.

पोलीस ठाण्याला लेखी कळवा: किती माणसं, किती होड्या, कुठून कुठे, परतीची वेळ. मुक्कामाच्या गावचे पोलीस पाटील आणि शेताचे मालक यांना आधी भेटून विचारा. ११२, १०८ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे क्रमांक मोबाइलमध्येच नव्हे, कागदावरही लिहून प्लास्टिकमध्ये ठेवा. अमावास्या, महाशिवरात्र, पैठणला नाथषष्ठी, या दिवसांत घाट भरलेले असतात. ते टाळा.

होडी, वल्हं, जॅकेट

दोन होड्या, चार माणसं. एकटी होडी नको, कारण उलटली तर मदतीला कुणीच नसतं.

कडक प्लास्टिकची दोन माणसांची कॅनो साधारण १६ फूट लांब आणि ३५ किलोच्या आसपास असते. ती नेण्याची सोय नसेल तर हवेची कॅनो घ्या, दोन पिशव्यांत मावते. मात्र खेळण्यातली, पातळ पीव्हीसीची होडी नको. बाभळीच्या एका काट्यानं ती बसते. हवा किती भरायची हे झडपेजवळ लिहिलेलं असतं. तळ आणि बाजूच्या नळ्या यांचा दाब वेगळा असतो, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. उबदार हवेत नीट भरलेली होडी गार पाण्यात गेल्यावर थोडी सैल पडते, तेव्हा पुन्हा दोन-चार पंप मारावे लागतात. तीच होडी दुपारी काठावर उन्हात ओढून ठेवली की आतली हवा फुगते आणि शिवणी उसवतात. काठावर घेतली की लगेच प्रत्येक झडपेतून थोडी हवा सोडा किंवा होडी सावलीत ठेवा.

वजनाचा हिशोब कागदावर करा. दोन माणसं १४०, तंबू-अंथरूण-भांडी २५, शिधा ५, पाणी २०: एकूण १९० किलो. होडीवर लिहिलेल्या कमाल भाराच्या ७० टक्क्यांच्या आत हे बसलं पाहिजे, म्हणजे २७५ किलोंच्या आसपासची होडी हवी. सामान भरून दोघं बसल्यावर होडीचा काठ मध्यभागी पाण्यापासून वीतभर वर दिसला पाहिजे. नाही दिसला तर सामान उतरवा.

वल्हं उभं धरलं की मूठ तुमच्या हनुवटी आणि नाकाच्या मध्ये यावी. चार माणसांना पाच वल्ही. पाचवं वल्हं बांधून ठेवा, पण एका हातानं सुटेल असं.

लाइफ जॅकेट नावापुरतं नको. घालून सगळे पट्टे आवळा आणि मित्राला खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर मोठं आहे. पोहता येतं म्हणून जॅकेट काढून ठेवणारा माणूस सहलीत नको, मग तो कितीही चांगला पोहो. गार पाण्यात अचानक पडल्यावर पहिला मिनिटभर श्वासच हातात राहत नाही.

याशिवाय प्रत्येक होडीला: पुढच्या-मागच्या टोकाला पाच-पाच मीटर तरंगणारी दोरी, पिशवीत सैल भरलेली १५ मीटरची फेकायची दोरी, शिट्टी, पाणी उपसायला पाच लिटरचा तेलाचा कॅन तिरपा कापून, आणि एक स्पंज. सामानासाठी झाकणाला कडं असलेला निळा ड्रम कुठल्याही तालुक्याच्या बाजारात मिळतो, आणि महागड्या पिशवीइतकाच पाणी रोखतो. आधी रिकामा ड्रम बादलीत दाबून बुडबुडे येतात का ते बघा. पिशवी वापरत असाल तर हवा काढून तोंड किमान तीनदा गुंडाळा. अंथरूण आणि सुके कपडे दुहेरी प्लास्टिकमध्ये.

अर्धा दिवस सराव

सहलीच्या आधी, छातीभर पाण्याच्या शांत तलावात, परवानगी घेऊन. जड माणूस मागे, हलका पुढे. मागचा दिशा सांभाळतो, पुढचा लय.

सगळ्यात आधी चढणं-उतरणं शिका. बहुतेक होड्या भर पाण्यात नाही, काठावरच उलटतात: माणूस उभा राहतो, एक पाय काठावर, एक होडीत, आणि होडी सरकते. होडी काठाला आडवी लावा, एकानं धरा. दुसऱ्यानं पाय होडीच्या मधोमध ठेवून, दोन्ही हातांनी दोन्ही काठ धरून, वाकूनच आत यावं.

सरळ वल्हं मारलं की होडी विरुद्ध बाजूला वळते. नवखे मग दर दोन हातांनी बाजू बदलतात आणि नागमोडी जात दमतात. उपाय मागच्याच्या हातात आहे. वल्हं गुडघ्यापासून कमरेपर्यंत ओढा. कमरेजवळ आलं की मुठीवरच्या हाताचा अंगठा खाली वळवा, पातं होडीला समांतर उभं होईल, आणि ते हलकेच बाहेर ढकला. पाण्यात पात्यानं 'J' या इंग्रजी अक्षराचा आकार निघतो, म्हणून त्याला जे-स्ट्रोक म्हणतात. अंगठा वर गेला तर पातं पाणी उलटं मारतं आणि होडी थबकते. अंगठा खाली, एवढं लक्षात ठेवा. तासाभरात हाताला कळतं.

शेवटी होडी मुद्दाम उलटवा. एकदा तरी. पाण्यात पडल्यावर पहिलं काम होडीला धरणं, कारण ती तुमच्यापेक्षा जास्त तरंगते. मग एकमेकांची नावं घेऊन हाक, मग वल्ही. दुसरी होडी येऊन उलटलेल्या होडीचं टोक आपल्या काठावर आडवं ओढून घेते, पाणी सांडतं, होडी सरळ होते. मग एक-एक करून आत. चार-पाच वेळा करा, दोघांच्याही जागा बदलून.

पाण्यावर काय आडवं येतं

काठाकाठानं, पण काठापासून दहा-पंधरा मीटर आतून चला. आपल्या गंगेवर धबधबे नाहीत, धोके वेगळे आहेत.

पहिला मोटारींचा. काठावर ठिकठिकाणी शेतीचे पंप असतात, पाण्यात पाइप आणि पाण्याकडे उतरणाऱ्या केबल. केबलला जोड दिलेला असेल आणि तो ओला असेल तर आसपासच्या पाण्यातही करंट उतरू शकतो. केबलला वल्हं लावू नका, हात लावू नका, पंपाच्या जागी काठाला लागू नका. मोटार चालू असो की बंद, कारण रात्रीची लाइट असली की ती आपोआप सुरू होते.

दुसरा जाळ्यांचा. ओळीनं तरंगणाऱ्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले की खाली जाळं आहे. टोकाला वळसा घाला. ओळ ओलांडू नका, कुणाचं पोट त्यावर आहे. वल्हं अडकलंच तर झटका न देता होडी मागे घ्या आणि हातानं सोडवा.

तिसरा वाळूच्या खड्ड्यांचा. उपसा झालेल्या ठिकाणी घोटाभर पाण्यातून एका पावलात डोक्यावर पाणी जातं. होडी ओढत चालायची वेळ आली तर वल्ह्यानं पुढची जमीन चाचपा, जॅकेट अंगात असू द्या. गाळात पाय रुतला तर खेचू नका, होडीवर आडवे व्हा आणि पाय फिरवत काढा.

जलपर्णीचा पट्टा आला तर त्यात घुसू नका. बाहेरून विरळ दिसते, आत वल्हं फिरत नाही आणि वाऱ्यानं मागची वाटही बंद होते. धुक्यात निघू नका. समोरचा काठ दिसेपर्यंत चहा घ्या.

खालच्या बंधाऱ्यापासून किमान एक किलोमीटर लांब राहा. वरून येताना बंधारा फक्त पाण्याची सरळ रेघ दिसतो आणि पलीकडची खोली कळत नाही. दारावरून पाणी सांडत असेल तर खाली पाणी जागच्या जागी फिरतं आणि त्यात सापडलेली होडी बाहेर येत नाही.

वारा समोरून आला तर थोडं सामान पुढे सरकवा, पाठीमागून आला तर मागे. होडीचं जड टोक वारा येतो त्या दिशेला राहतं, म्हणून सरळ जाणं सोपं होतं.

मुक्काम

वाळूच्या बेटावर किंवा नदीच्या पात्रात तंबू नाही. जागा कितीही सुंदर असली तरी नाही. वरचं दार रात्री उघडलं तर गावात भोंगा वाजेल, पण तुम्हाला ऐकू येईल असं नाही. काठाच्या झाडांना अडकलेला पालापाचोळा, चिंध्या बघा: ती पुराची रेघ. तंबू शक्यतो तिच्या वर. पोचल्यावर पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि पाण्याच्या पातळीला सुरीनं खाच करा. झोपताना आणि रात्री उठाल तेव्हा बॅटरी मारून खाच बघा. चार बोटं पाणी चढलं तर होडी आणि तंबू वर हलवा, विचार करत बसू नका. होडी रात्री पाण्यात ठेवायची नाही, वर ओढून, पालथी करून, झाडाला बांधायची.

उसाला लागून झोपू नका. त्यात रानडुक्कर असतात, काही तालुक्यांत बिबट्याही. शेताभोवती झटका मशीनची तार आहे का, ते मालकाला विचारा. उतरत्या पाण्यामागे गाळपेर केलेली असते, हरभरा, गहू, कधी भाजी. ओळी मोडून होडी ओढू नका. बाभळीखाली तंबूची जागा हातानं झाडा, एकच काटा गादी फाडतो. बूट आत घ्या आणि सकाळी झटकून घाला. घोणस, मण्यार दोन्ही आपल्याकडे आहेत. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नाही.

परभणी-नांदेडकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि पाण्याकाठी तो जास्त बोचतो. कानटोपी, लोकरी मोजे, अंगाखाली फोमची चटई. पांघरूण दुप्पट घेण्यापेक्षा खालची चटई जाड घ्या, थंडी जमिनीतून वर येते.

नदीचं पाणी उकळूनही पिऊ नका. उकळल्यानं जंतू मरतात, कापसा-उसावर फवारलेलं औषध जात नाही. माणशी दिवसाला पाच लिटर: चौघांना दोन दिवसांचे ४० लिटर, म्हणजे वीस लिटरचे दोन जार, प्रत्येक होडीत एक. जार तळाशी, मधोमध, आडवा बांधा. होडीही स्थिर राहते.

दुपारी धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही मिळालं तर उत्तम. धपाटे दोन दिवस टिकतात. रात्री खिचडी: चौघांना ४०० ग्रॅम तांदूळ, २०० ग्रॅम मूगडाळ, दीड लिटर पाणी आणि हाताशी थोडं गरम पाणी. लहान गॅसची २३० ग्रॅमची एक डबी एवढ्याला पुरते, दुसरी राखीव. शेकोटी पेटवू नका. वाळलेलं पाचट आणि वारा एकत्र आले की अख्ख्या शिवाराचं नुकसान होतं. मालकानंच हुरड्याला बोलावलं तर ती गोष्ट वेगळी, आगटी त्याची, जागा त्याची.

शौचाला पाण्यापासून सत्तर पावलं लांब, खुरप्यानं वीतभर खड्डा, नंतर माती. भांडी, साबण नदीत नाही. बादलीत धुवून पाणी लांब ओता.

परतताना

दुसऱ्या दिवशी वारा पाठीवर असला तरी आठच्या आत निघा. पाठीचा वारा सुखाचा वाटतो आणि लाट कधी मोठी झाली हे कळत नाही. लाटेवर पांढरा फेस दिसू लागला की काठ गाठा, गुडघ्यांवर बसा, वारा उतरेपर्यंत थांबा. निघतानाच्या घाटाचा फोटो आदल्या दिवशी पाण्यातून, शंभर मीटरवरून काढून ठेवलेला असावा. मंदिराचा कळस, जॅकवेल, पूल, जे उंच असेल ते त्यात हवं. पाण्यावरून सगळे घाट सारखेच दिसतात.

काठाला लागल्यावर पोलीस पाटलांना आणि घरी ठरलेल्या माणसाला 'पोचलो' असा फोन करा. तो आला नाही तर रात्री शोध सुरू होईल, आणि तसाच व्हायला हवा. मग होडी पुसा. तळाला, दोरीला, वल्ह्याच्या गाठीत अडकलेला जलपर्णीचा प्रत्येक तुकडा काढून उन्हात टाका. बोटभर तुकडा दुसऱ्या तलावात गेला तर तिथंही ती वाढते. झडपांतली वाळू ब्रशनं काढा, नाहीतर पुढच्या वेळी हवा गळेल. घरी होडी दोन दिवस सावलीत पसरून सुकवा, शिवणीवर बोट फिरवून ओल नाही ना हे बघा आणि मगच घडी घाला.